काठावरचा पंप आणि खोल गेलेले पाणी: एक खुलासा

विहिरीचे पाणी खोल गेले की पाचऐवजी साडेसात हॉर्सपॉवरची मोटर बसवावी, म्हणजे काठावरचा पंप ते ओढून घेईल, हा समज आपल्याकडे वर्षानुवर्षे टिकून आहे आणि त्यापायी शेतकऱ्यांचे पैसे नाहक जातात. काठावर बसवतात तो सेंट्रिफ्युगल पंप मुळात पाणी ओढत नाही. त्यातला फिरणारा इंपेलर, म्हणजे पात्यांचे चाक, पाणी बाहेर फेकतो, त्यामुळे त्याच्या मध्यभागी दाब घटतो आणि विहिरीतल्या पाण्यावरचा हवेचा दाब ते फुटव्हॉल्व्हमधून (पाइपाच्या खालच्या टोकाच्या एकमार्गी झडपेतून) वर ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीला फार तर 10.3 मीटर, पुण्याच्या उंचीवर साधारण 9.7 मीटर पाणी पेलतो. पाइपातील घर्षण वगैरे वजा जाता हाती सहा-सात मीटरच उरतात. मोटर मोठी केल्याने हवेचा दाब वाढत नाही. उलट दाब फार घटला की पाणी थंड असतानाच त्यात वाफेचे बुडबुडे होतात, ते फुटताना पंपातून खडी फिरत असल्यासारखा आवाज येतो आणि इंपेलरची पाती खड्डे पडून कुरतडली जातात. हॉर्सपॉवर कामी येते ती पंपाच्या पुढे, पाणी उंच वा लांब ढकलायला. म्हणून पंपच पाण्याजवळ उतरवावा किंवा पाण्यात बुडवून चालणारा सबमर्सिबल घ्यावा. जहाजावरही समुद्राचे पाणी घेणारे पंप याच कारणाने जलरेषेखाली, इंजिन रूमच्या तळाशी बसवतात.