फूट, क्युसेक, मीटर आणि पूल

कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी भागातला पूर दाखवणारं वेब ॲप करायला बसलो, तेव्हा नकाशाने फार छळलं नाही. ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासून लोकांच्या हातून भरत आलाय, २०११ मध्ये लीफलेट ही नकाशे दाखवणारी तयार कोड-लायब्ररी आली आणि ब्राउझरमध्ये नकाशा उघडणं काही ओळींचं काम झालं. छळलं ते आकड्यांनी.

पंचगंगेची पातळी कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजतात: ३९ ला इशारा, ४३ ला धोका. नृसिंहवाडीला ती कृष्णेत मिसळली की राजापूर बंधाऱ्यावरचा विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतं ते, सांगतात. खाली अलमट्टीत समुद्रसपाटीपासूनचे मीटर, धरण भरलं की ५१९.६०. मी शहाण्याने पातळी म्हणून पहिला आणि शेवटचा आकडा एकाच आलेखावर टाकला. पंचगंगा तळाला डबक्यासारखी, अलमट्टी आभाळात!

कर्नाटकात १९८८ साली दुष्काळ निरीक्षण कक्ष निघाला. पूर तेव्हा डोक्यात नव्हता. त्याचंच पुढे राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्र झालं आणि पर्जन्यमापकं ग्रामपंचायतींपर्यंत पोचली. पण आमचा पूर आमच्या पावसाचा नसतोच. तो पडतो पश्चिमेला, घाटमाथ्यावर. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचं पाणी चढून यमगर्णीजवळ महामार्ग बंद पडला.

गावात मात्र क्युसेक कुणी विचारत नाही. "पूल चालू हाय न्हवं?" एवढंच. आणि हे पूल म्हणजे बहुतेक बंधारेच. कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा शेतीसाठी: पावसाळा सरला की बरगे, म्हणजे फळ्या, घालून पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी काढायचे. माथ्यावरून आधी माणसं, मग सायकली, मग मोटारी जाऊ लागल्या आणि त्याचा रस्ता झाला. उंची मात्र बंधाऱ्याचीच राहिली. म्हणून कल्लोळ-येडूर, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी हे जवळपास दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात. कुठला बुडाला यावरून जाणती माणसं पाण्याचा अंदाज बांधतात. ही मोजपट्टी कुठल्याच सरकारी तक्त्यात बसत नाही.

शेवटी आलेख काढून टाकला. आता नकाशावर ठिपके आहेत: हिरवा म्हणजे पूल मोकळा, लाल म्हणजे बंद. रंग बदलण्याआधी अजूनही काठावरच्या चहावाल्याला फोन लावावा लागतो.