पाठ वाजवणं जेव्हा उद्धटपणा होता

रंगमंचावर नोटेशनचं, म्हणजे लिहिलेल्या स्वरांचं, स्टँड ठेवावं की नाही, हा वाद वादकांमध्ये पुन्हा पुन्हा निघतो. ठेवणाऱ्याला ऐकून घ्यावं लागतं, "पाठ झालं नाही वाटतं?" भांडणारे दोन्ही पक्ष एक गोष्ट मात्र गृहीत धरतात: पाठ वाजवणं ही जुनी, अस्सल रीत आणि समोरचा कागद ही पुढे मिळालेली सवलत. युरोपीय वाद्यसंगीतापुरतं तरी हे खरं नाही. तिथे कागदाशिवाय वाजवणं सभ्य मानलं जाऊ लागलं त्याला अजून 200 वर्षंही झालेली नाहीत, आणि हे घडवणारी माणसं नावानिशी सांगता येतात.

अगदी मुळाशी गेलं तर अर्थात सगळं पाठच होतं. मठांतले गायक शेकडो स्तोत्रं तोंडी शिकत आणि त्यात वर्षानुवर्षं जात. 11व्या शतकात ग्विदो द'आरेत्सो या भिक्षूने रेघांवर स्वर मांडण्याची पद्धत बसवली, ती याच वैतागातून. न ऐकलेलं स्तोत्रही कागदावरून गाता यावं, एवढीच त्याची अपेक्षा होती. पुढे गायकवृंदासाठी प्रचंड आकाराच्या पोथ्या तयार झाल्या. एका मोठ्या व्यासपीठावर एकच पोथी ठेवायची आणि सगळ्यांनी तिच्याभोवती उभं राहून गायचं. 1501 साली व्हेनिसमध्ये ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची याने बहुस्वरी (एकाच वेळी अनेक सुरावटी चालणाऱ्या) संगीताचं पुस्तक छापलं आणि मग कागद घरोघरी जाऊ लागला. इंग्रज संगीतकार जॉन डाउलंडच्या 1597 च्या गीतसंग्रहात तर एकाच पानावर वेगवेगळ्या दिशांना तोंड करून ओळी छापल्या आहेत. पुस्तक टेबलावर उघडं ठेवायचं, चौघांनी चार बाजूंनी बसायचं, प्रत्येकाला आपली ओळ सरळ दिसते. यात श्रोता कुठेच नाही. माणसं आपापसात गात आहेत, मग कागद कुणापासून लपवायचा?

18व्या शतकात स्टँड हे चक्क घरातलं फर्निचर होतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले थॉमस जेफरसन व्हायोलिन वाजवत. त्यांच्या मॉन्टिसेलोच्या घरी पाच वादकांची पानं मावतील असं फिरतं लाकडी स्टँड आहे, मिटलं की त्याची पेटी होते. दरबारी वाद्यवृंदात प्रत्येक स्टँडला मेणबत्ती लावलेली असे, कारण दुसरा उजेडच नव्हता. संगीतकार हायडनने 1772 मध्ये या मेणबत्त्यांचाच उपयोग करून घेतला. तो ज्याच्या पदरी होता त्या राजपुत्र एस्तरहाझीचा मुक्काम उन्हाळी महालात लांबत चालला होता आणि वादक आपापल्या घरापासून दूर अडकून पडले होते. हायडनने नव्या सिम्फनीचा (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेचा) शेवट असा रचला की एकेक वादक आपला भाग संपवतो, स्टँडवरची मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो. शेवटी दोनच व्हायोलिनं उरतात. राजपुत्राला इशारा कळला.

त्या काळात स्टँड समोर असण्याला एक अर्थ होता, तो आज साफ विसरला गेला आहे. बहुतेक वादक स्वतःच्या रचना वाजवत किंवा जागच्या जागी सुचेल ते रचत. कागद समोर नसेल तर ऐकणारा समजे की हे याचं स्वतःचं आहे, किंवा आयत्या वेळचं आहे. दुसऱ्याची रचना पाठ वाजवली तर तिच्यावर हक्क सांगितल्यासारखं वाटे. कागद म्हणजे "हे मी लिहून, विचार करून आणलं आहे" किंवा "हे अमक्याचं आहे" अशी कबुली.

आणि ती कबुली इतकी आवश्यक होती की प्रसंगी कोरा कागदही चाले. एप्रिल 1784 मध्ये व्हिएन्नात रेजिना स्ट्रिनासाक्की या व्हायोलिनवादिकेबरोबर मोत्सार्टने नवा सोनाटा (एक-दोन वाद्यांसाठीची रचना) वाजवला. तिचा भाग त्याने कसाबसा लिहून दिला होता, स्वतःचा लिहायला वेळच उरला नव्हता. त्याच्यासमोर जवळजवळ रिकामं पान होतं आणि सम्राट जोसेफने दुर्बिणीतून ते हेरलं, असं सांगतात. गोष्ट रंगवलेली असेलही, पण हस्तलिखितात पियानोचा भाग वेगळ्या शाईने, उरलेल्या जागेत दाटीवाटीने नंतर भरलेला दिसतो. बेथोव्हेनची गोष्ट आणखी मजेदार. 1803 मध्ये त्याच्या तिसऱ्या पियानो कॉन्चेर्तोच्या (पियानो आणि वाद्यवृंद यांच्या रचनेच्या) पहिल्या प्रयोगात इग्नात्स फॉन झाइफ्रीड हा संगीतकार पानं उलटायला बसला होता. पानं बहुतेक कोरी, मधेमधे बेथोव्हेनलाच कळतील अशा काही खुणा. न दिसणारा भाग संपला की बेथोव्हेन नजरेने खूण करी आणि झाइफ्रीड घाईघाईने पान उलटी. त्याचा उडालेला गोंधळ आठवून बेथोव्हेन नंतर पोट धरून हसला. दोघांनाही कागदाची गरज नव्हती, तरी तो समोर होता.

हाच बेथोव्हेन पाठ वाजवण्याच्या विरोधात होता. त्याचा शिष्य चेर्नी याची स्मरणशक्ती अफाट होती. पण अशाने पानावर नजर टाकण्याची सवय सुटते आणि बारीक खुणा निसटतात, ही गुरूची तक्रार चेर्नीनेच नोंदवून ठेवली आहे. ही तक्रार लक्षात असू द्या, पावणेदोनशे वर्षांनी ती परत येते.

उलटापालट झाली ती 1830 च्या दशकात. 1837 मध्ये पियानोवादिका क्लारा वीक, पुढची क्लारा शूमान, बर्लिनमध्ये बेथोव्हेनचा सोनाटा कागदाशिवाय वाजवून गेली. तेव्हा ती 17 वर्षांची होती. बेटिना फॉन आर्निम या लेखिकेला ते मुळीच रुचलं नाही. पियानोपाशी बसायचं आणि नोटेशनशिवाय वाजवायचं, केवढा हा तोरा, असा तिचा सूर होता. म्हणजे ज्या कृतीला आज "तयारी" म्हणतात, तिचं पहिलं नाव तोरा होतं.

दुसरा माणूस पियानोवादक लिस्ट. 1841-42 च्या हिवाळ्यात बर्लिनमध्ये त्याने सुमारे दहा आठवड्यांत 80 रचना सादर केल्या, त्यांतल्या 50 पाठ. एकट्याच्या कार्यक्रमाला 'रिसायटल' हे नाव त्याच्यासाठीच 1840 मध्ये लंडनमध्ये वापरलं गेलं. पूर्वीच्या मैफलीत गायक, वादक, वाद्यवृंद असा मेळा असे. आता रंगमंचावर एकच माणूस, एका बाजूने दिसणारा, आणि अख्ख्या सभागृहाचे डोळे त्याच्या हातांवर आणि चेहऱ्यावर. मध्ये उभा असलेला कागद आणि पान उलटणारा सोबती त्या चित्रात खुपणारच. शिवाय आता मृत संगीतकारांच्या त्याच त्या रचना पुन्हा पुन्हा वाजू लागल्या होत्या. रचना कुणाची हे सगळ्यांना ठाऊक असल्यावर कागदाची कबुली निरुपयोगी झाली. माझ्या मते खरं कारण हे दुसरं. लिस्टच्या करिष्म्याला जरा जास्तच श्रेय दिलं जातं.

मग ही लाट कंडक्टरांपर्यंत, म्हणजे वाद्यवृंदाचं संचालन करणाऱ्यांपर्यंत, पोचली. हान्स फॉन ब्यूलो पाठ कंडक्ट करी, आणि 1880 च्या दशकात माइनिंगनच्या वाद्यवृंदाकडूनही त्याने पाठ वाजवून घेतलं. 1886 मध्ये रिओ द जानेरोत ऐनवेळी कंडक्टर हवा झाला तेव्हा वाद्यवृंदातला 19 वर्षांचा चेलोवादक उभा राहिला आणि त्याने 'आयदा' हा अख्खा ऑपेरा कागदाविना पार पाडला. त्याचं नाव आर्तुरो तोस्कानीनी. आयुष्यभर तो पाठच कंडक्ट करत राहिला, आणि याचं कौतुक करताना त्याची दूरची दृष्टी फार अधू होती हे लोक विसरतात. त्याची गरज पुढच्या पिढ्यांची फॅशन झाली.

सगळ्यांनाच हा नियम कधी लागू झाला नाही. ऑपेरात गायक अभिनय करतो, म्हणून त्याला सगळं पाठ हवं. तोच गायक पुढच्या आठवड्यात ऑरेटोरिओ (अभिनयाशिवाय सादर होणारी, बहुधा धार्मिक कथेवरची गायनरचना) गाताना हातात पुस्तक धरून उभा राहतो आणि कुणाला काही वाटत नाही. वाद्यवृंदाला दर आठवड्याला नवा कार्यक्रम, मोजक्या तालमी, त्यामुळे स्टँड अटळ. व्हायोलिनवाले दोघांत एक स्टँड घेतात. आतल्या बाजूचा वादक पान उलटतो, तेवढा वेळ बाहेरचा वाजवत राहतो. चार वादकांच्या चौकडीत (क्वार्टेटमध्ये) वाजवणारेही बहुधा कागद ठेवतात. कोलिश क्वार्टेटने 1920 नंतर चौघांनी पाठ वाजवून दाखवलं, तो नवलाचा विषय झाला. तो इतरांवर बंधनकारक मात्र झाला नाही. जॅझच्या मोठ्या बँडनी तर स्टँडलाच जाहिरातफलक केलं: पुढच्या बाजूला बँडची आद्याक्षरं, रांगेत चकाकणारी. आणि जिथे राग मंचावरच उलगडत जातो, तिथे पुढचं आधी लिहून ठेवायचं कुठून? तिथे हा वाद उद्भवतच नाही.

बेथोव्हेनची तक्रार परत आणली ती पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्टरने. 1980 च्या सुमारास त्याने पाठ वाजवणं सोडलं. कान सुरांची पट्टी चुकीची सांगू लागले होते, हे एक कारण. पण तो म्हणे, संगीतकाराच्या एवढ्या खुणा डोक्यात ठेवता येत नाहीत, मग त्या समोर ठेवणंच प्रामाणिकपणाचं. सभागृहात काळोख आणि पानांवर एकच दिवा. लोकांनी माझ्या चेहऱ्याकडे नाही, संगीताकडे लक्ष द्यावं, असा त्याचा हेतू. लिस्टने जे दाखवायला कागद हटवला, तेच झाकायला रिख्टरने तो परत आणला.

2010 नंतर टॅब्लेट आले. पायातल्या पेडलने पान उलटतं, सोबती लागत नाही. 2012 मध्ये ब्रसेल्स फिलहार्मोनिकने कागदाऐवजी टॅब्लेट घेतले. उलट 2014 मध्ये लंडनच्या 'प्रॉम्स' या संगीत महोत्सवात ऑरोरा ऑर्केस्ट्राने मोत्सार्टची 40वी सिम्फनी अख्खी पाठ वाजवली आणि स्टँडच नसल्याने वादकांना एकमेकांकडे बघता आलं. ते ऐकताना फरक जाणवतो हे मान्य. पण त्यासाठी लागलेला तालमींचा वेळ बहुतेक वाद्यवृंदांना मिळत नाही, हेही तितकंच खरं.

टॅब्लेटने एक नवी अडचण आणली. रिख्टरचा दिवा कागदावर पडत असे, पडद्याचा उजेड मात्र वादकाच्या तोंडावर येतो. स्टँड कितीही खाली घेतलं तरी अंधाऱ्या रंगमंचावर निळसर चेहरा लांबून दिसतो. हायडनची ती सिम्फनी आजही वाजते. मेणबत्त्यांच्या जागी स्टँडला लावलेले छोटे दिवे असतात, आणि वादक उठता उठता कळ दाबून आपला दिवा बंद करतो.