ब्लॅक आइड सुझन: झुडूप की वेल?

मेरीलँडमधल्या आमच्या अंगणातल्या ब्लॅक आइड सुझनचा फोटो आईला पाठवला, तर ती म्हणे अगं ही कुठली, ती तर वेल असते, आपल्या पुण्याच्या गॅलरीत ग्रिलवर चढवलेली, विसरलीस का? आणि आमचं दोघींचंही बरोबर होतं. नाव एकच, झाडं दोन, आणि त्यांचं आपसात काही नातं नाही.

इथली ती रुडबेकिया हिर्टा, सूर्यफूल-शेवंतीच्या कुळातली, मूळची उत्तर अमेरिकेचीच आणि १९१८ पासून मेरीलँडचं राज्यफूल. आईची ती थनबर्जिया अलाटा, मूळची पूर्व आफ्रिकेची, आपल्या अडुळसा-कोरांटीच्या कुळातली.

फूल हातात घेऊन बघा, परत कधी गोंधळ होणार नाही. रुडबेकियाचा काळा डोळा म्हणजे मधला फुगीर चॉकलेटी गोंडा, बोट फिरवलं की खरखरीत लागतो, कारण तो शेकडो बारीक फुलांचा असतो आणि ती खालून वर उमलत जातात, त्यामुळे गोंड्याभोवती परागांचं पिवळं कडं दिसतं, ते रोज थोडं वर सरकतं. थनबर्जियाच्या डोळ्यात गोंडा वगैरे काहीच नाही, पाच पाकळ्या मागे जुळून नळी होते आणि त्या नळीचा घसाच गडद जांभळा असतो. पानांवरूनही कळतं, हिर्टा म्हणजे केसाळ, अलाटा म्हणजे पंखवाली, वेलीच्या पानाच्या देठाला खरंच दोन्ही बाजूंनी पातळ पंख असतात.

रुडबेकियाचं बी मातीत पुरू नका प्लीज, त्याला रुजायला उजेड लागतो, नुसतं वर पसरून हलकं दाबायचं. जागा भरपूर उन्हाची हवी आणि पाणी साचायला नको. वेलीचं बी मोठं, ते रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल लावा आणि लगेच दोरी किंवा जाळी द्या. पुण्यात ती वर्षानुवर्षं टिकते, इथे मात्र पहिल्याच कडाक्याच्या थंडीत मरते म्हणून दरवर्षी नव्याने लावते मी. रुडबेकियाला या थंडीचं काही वाटत नाही, फक्त सुकलेले गोंडे कापायची घाई करू नका, हिवाळ्यात गोल्डफिंच नावाचे छोटे पक्षी येऊन त्यातलं बी टिपतात.

बी घेताना पाकिटावरचं शास्त्रीय नाव वाचा, रुडबेकिया असेल तर वाफा तयार ठेवा, थनबर्जिया असेल तर जाळी.