"चांगली प्रिंट आली का?"

आमच्या तालुक्याला एसटी स्टँडसमोर एक मोबाईल शॉपी होती, 2012-13 ची गोष्ट असेल, तिथे रिचार्जपेक्षा मेमरी कार्ड भरून घ्यायलाच जास्त गर्दी. दुकानातल्या कॉम्प्युटरवर फोल्डर, न्यू हिंदी, साऊथ डब, मराठी, आणि एक ज्याचं नाव फक्त "मिक्स" होतं. कार्ड द्यायचं, चहा पिऊन यायचं, पिक्चर तयार. आपण काही चोरी करतोय असं तेव्हा कोणाच्या डोक्यातही यायचं नाही, विचारायचं एवढंच की प्रिंट कसली आहे, थिएटरची की ओरिजनल.

ही सवय काही मोबाईलने लावलेली नाही. 80 च्या दशकात व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन-तीन पिक्चर बघायचे, त्यातली बरीचशी कॅसेट पायरेटेडच. मग केबलवाल्याने रविवारी लावलेला नवा पिक्चर, मग फुटपाथवरच्या सीडी. सगळ्यात भारी प्रयोग मोझर बेअर या सीडी बनवणाऱ्या कंपनीने केला, 2007 च्या आसपास. ओरिजनल व्हीसीडी 28 रुपये आणि डीव्हीडी 34, म्हणजे फुटपाथवाल्याच्याच भावात! पायरसीशी भावात लढायचं ही कल्पना आपल्याकडे ओटीटीच्या कितीतरी आधी येऊन गेली, फक्त तोवर लोक टोरंटकडे, म्हणजे एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून तुकड्या-तुकड्याने फाईल उतरवायच्या तंत्राकडे, वळायला लागले होते.

हे तंत्र ब्रॅम कोहेन या प्रोग्रॅमरने 2001 ला काढलं, 2003 ला स्वीडनमध्ये पायरेट बे ही टोरंटची साईट सुरू झाली. कॉलेजच्या होस्टेलवर 700 एमबीची फाईल रात्री लावून झोपायचं, सकाळी उठून बघावं तर 98 टक्क्यांवर अडकलेली, सीडर (ज्याच्याकडे पूर्ण फाईल असते आणि जो ती पुढे देतो तो) गायब. (700 एमबीच का, तर तेवढीच एका सीडीत मावायची.)

सरकारने आपल्या परीने दंडुका उगारला. महाराष्ट्रात तर एमपीडीए कायद्यात, म्हणजे जो झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठी 1981 ला केला होता, त्यात 2009 ला व्हिडिओ पायरेट्सही घातले. कोर्टातून "अशोक कुमार" ऑर्डर निघायच्या, अशोक कुमार म्हणजे ज्याचं नाव माहीत नाही असा कोणीही चोर. एक साईट ब्लॉक केली की दुसऱ्या दिवशी तीच साईट नावापुढची शेपटी बदलून हजर, म्हणून शेवटी दिल्ली हायकोर्टाने 2019 ला अशा नवीन अवतारांनाही तीच ऑर्डर लागू करायची सोय करून दिली.

बाहेरच्या देशांत तोवर वेगळंच काही दिसत होतं. नेटफ्लिक्सचे बडे अधिकारी टेड सॅरँडोस 2013 मध्ये म्हणाले होते की आम्ही एखाद्या देशात सुरू झालो की तिथलं टोरंटचं ट्रॅफिक उतरतं. गंमत म्हणजे त्याच वर्षी नेटफ्लिक्सनेच सांगितलं की नेदरलँड्समध्ये कुठल्या सिरीज घ्यायच्या हे ठरवताना पायरसी साईटवर काय चालतंय ते आम्ही बघतो.

आपल्याकडे मात्र 2016 च्या जानेवारीत नेटफ्लिक्स आलं तेव्हा महिन्याला 500 रुपये ऐकूनच लोकांनी हात जोडले. आणि बघणार कशावर, एक जीबी डेटाच अडीचशेच्या आसपास. खरा फरक पडला सप्टेंबरमध्ये जिओ आल्यावर, कारण फुकट 4जी मिळाल्यावर मेमरी कार्ड भरायला दुकानात जाणार कोण? डिसेंबरात प्राईम व्हिडिओ आलं, वर्षाला 499. हॉटस्टार आधीपासून होतंच. माझ्या मते पोलिसांनी वीस वर्षांत जे केलं नसेल ते या एका वर्षाने केलं, आमच्या त्या शॉपीवाल्याने वर्ष-दीड वर्षात कॉम्प्युटर विकून टाकला आणि टेम्पर्ड ग्लास लावायला लागला.

पण पायरसी मेली नाही. 2017 ला गेम ऑफ थ्रोन्सचा एक भाग टेलिकास्टच्या आधीच फुटला तो मुंबईतून, चौघांना अटक झाली, आणि कॉपीवर ही सिरीज इथे दाखवणाऱ्या स्टारचा वॉटरमार्क, म्हणजे छाप. म्हणजे अधिकृत साखळीतूनच माल बाहेर! शिवाय आता प्रत्येक स्टुडिओला स्वतःचं ॲप पाहिजे, एक सिरीज इकडे तर तिचा पुढचा सीझन तिकडे, चार-पाच सबस्क्रिप्शन घेऊनही पाहिजे तो जुना मराठी पिक्चर कुठेच नाही. 2021 च्या डिसेंबरात एकाच आठवड्यात नेटफ्लिक्सने बेसिक प्लॅन महिन्याला 499 वरून 199 वर आणला आणि प्राईम वर्षाला 999 वरून 1499 वर गेलं. 2023 ला नेटफ्लिक्सने घराबाहेरचं पासवर्ड शेअरिंग बंद केलं, 2025 ला प्राईमवर जाहिराती आल्या, पैसे भरूनसुद्धा. त्याच 2023 मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा कडक झाला, चोरून रेकॉर्डिंग केलं तर 3 महिने ते 3 वर्षं जेल आणि दंड 3 लाखांपासून पुढे थेट निर्मिती खर्चाच्या 5 टक्क्यांपर्यंत.

टोरंट आता आमच्या घरातल्या कॉलेजच्या पोरांना माहीतही नाही, त्यांचं सगळं टेलिग्रामवर चालतं. परवा भाच्याने शुक्रवारी रिलीज झालेला पिक्चर रात्रीच दाखवला, स्क्रीनच्या खालून कोणाचं तरी डोकं जात होतं. मी म्हटलं अरे हे थिएटर प्रिंट आहे. तो म्हणाला, मामा, थांब ना, महिन्याभरात ओटीटीवर आला की रात्रीत चांगली प्रिंट पडते.