माकडताप
गोचिडींमार्फत पसरणारा विषाणुजन्य रक्तस्रावी ज्वर. शास्त्रीय लेखनात तो क्यासनूर वन-रोग किंवा केएफडी या नावाने येतो. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यातील क्यासनूर जंगलाजवळ 1957 मध्ये वानरे व माकडे मरू लागली आणि भोवतालच्या गावांत तापाची साथ आली. माकडे दगावत असल्याने आधी पीतज्वराची (यलो फीव्हरची) शंका आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने मात्र नवाच फ्लेविव्हायरस (पीतज्वराच्या विषाणूच्या कुळातील विषाणू) वेगळा केला.

उगम : हा विषाणू रशियन वसंत-ग्रीष्म मस्तिष्कदाहाच्या विषाणूचा नातलग असल्याने सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांबरोबर तो आला असावा, असे काहींनी मांडले. दुसऱ्या मतानुसार तो पश्चिम घाटातील उंदीर, चिचुंद्री व गोचिडी यांच्यात पूर्वापार फिरत होता. जंगलतोड आणि रानात चरणारी गुरे यांमुळे माणूस त्याच्या वाटेत आला. गुरांकडून विषाणू फारसा पसरत नाही, पण त्यांच्या रक्तावर प्रौढ गोचिडी पोसल्या जातात. सौदी अरेबियातील अलखुर्मा या जवळच्या विषाणूपासून तो कधी वेगळा झाला, याबाबतही एकमत नाही. 2009 मधील अभ्यासाने हा काळ 1942 च्या आसपास धरला, तर 2011 मधील अभ्यासाने सुमारे 700 वर्षांपूर्वीचा. पहिला जनुकांच्या तुकड्यांवर, तर दुसरा संपूर्ण जनुकसंचांवर आधारलेला असल्याने जुन्या, स्थानिक वास्तव्याचे मत अधिक ग्राह्य वाटते. तसे असल्यास हा रोग पुन्हा पुन्हा उद्भवणारच, हे धरून नियंत्रणाची आखणी करावी लागते.

नियंत्रण : मुख्य वाहक हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही गोचीड. तिची अर्भके (प्रौढ होण्याआधीच्या अवस्थेतील गोचिडी) पावसाळ्यानंतर वाढतात. त्यामुळे रुग्ण बहुधा डिसेंबर ते मे या काळात आढळतात. मेलेल्या माकडाच्या अंगावरील गोचिडी तिथेच उतरतात, म्हणून माकड मेल्याची वर्दी लगेच मिळणे ही प्रतिबंधाची पहिली पायरी होय. वर्दी मिळताच माकड मेलेल्या जागेभोवती सुमारे 50 मीटरपर्यंत मॅलॅथिऑनसारखे कीटकनाशक धुरळतात, शव जाळतात व त्या भागात जाणे थांबवतात. जंगलात जाणाऱ्यांना अंगाला लावण्यासाठी डीएमपीसारखे गोचिडी दूर ठेवणारे तेल देतात. माणसाकडून माणसाला लागण झाल्याचे ज्ञात नाही. प्रयोगशाळेतील लागण मात्र नोंदली गेली आहे.

ताप एकाएकी चढतो, डोके व अंग असह्य दुखते, काहींना नाक-हिरड्यांतून रक्त येते. मृत्यूचे प्रमाण साधारण 3 ते 5 टक्के. विशिष्ट औषध नाही. शरीरातील पाण्याचे प्रमाण राखणे व रक्तस्रावावर लक्ष ठेवणे यावर उपचार अवलंबून असतात.

कर्नाटकात 1990 पासून दिली जाणारी निष्क्रिय (मारलेल्या विषाणूंपासून बनवलेली) लस 2022 मध्ये अपुऱ्या क्षमतेमुळे बंद झाली. दोन मात्रांनंतरचे संरक्षण एका पाहणीत सुमारे 62 टक्के, वर्धक मात्रेनंतर 83 टक्के आढळले होते.

गोव्यात सत्तरी तालुक्यात 2015 मध्ये, तर सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात 2016 मध्ये साथ आली. येथे काजूच्या बागांत बी वेचणारे आणि पातेरा (वाळका पालापाचोळा) गोळा करणारे सर्वाधिक धोक्यात असतात.