दानपत्र म्हणजे मृत्युपत्र नव्हे

इंदूरच्या रामबागेत परवा एक काका छातीठोकपणे सांगत होते, "पुतण्याला घर दानपत्रानं दिलंय खरं, पण वाकडा वागला तर रजिस्ट्री रद्द करून टाकीन!" जुनाच गैरसमज. मृत्युपत्र हयातीत हवं तितक्यांदा बदला. नोंदवलेलं, स्वीकारलेलं दानपत्र एकट्याच्या मर्जीनं फिरत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम १२६: 'वाटेल तेव्हा परत घेईन' अशी अट ठरवून दिलेलं दानच तेवढ्यापुरतं निरर्थक. फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध झाली, तर गोष्ट वेगळी. साठीपुढच्यांना दान रद्द करून घ्यायला २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आहे, पण सांभाळ करण्याच्या अटीवर दिलं असेल तर. काकांच्या कागदावर एवढंच होतं: 'प्रेमापोटी'.