मुंबई केंद्राची संध्याकाळ दिल्लीकडे कशी गेली

२ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून टीव्हीच्या मुंबई केंद्राचं प्रक्षेपण सुरू झालं, तेव्हा दिल्लीचं केंद्र तेरा वर्षांचं झालं होतं. दोन्ही केंद्रं आकाशवाणीच्याच ताब्यात, खर्च सरकारचा, तरी मुंबईची रोजची संध्याकाळ दिल्लीहून भरण्याची सोय नव्हती. मुंबईला आपले कार्यक्रम आपणच करावे लागले. मराठी टीव्हीला याहून मोठा लाभ दुसरा झाला नाही, असं माझं ठाम मत आहे.

'आमची माती, आमची माणसं', 'गजरा', 'ज्ञानदीप' हे कार्यक्रम याच काळातले. रंगभूमीवरची माणसं हाताशी होती, हिंदी चित्रसृष्टी शेजारी होती. त्यामुळे एकाच केंद्रावरून मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी असा चौरंगी पट मांडला जाई. १९७३ मध्ये सिंहगडावर ट्रान्समीटर उभा राहिला आणि मुंबईचा कार्यक्रम पुण्याच्या घराघरांत दिसू लागला. हे मुंबई केंद्राचं स्वतःचं छोटं जाळं. त्यात दिल्ली कुठेच नव्हती.

जाळं आणि स्थानिक केंद्र यांचं नातं अमेरिकेत वेगळ्या पायावर उभं राहिलं. तिथे बहुतेक शहरांतल्या केंद्रांचा मालक वेगळा असतो. एनबीसी किंवा सीबीएस अशा देशव्यापी जाळ्यांशी तो करार करतो, त्यांचे कार्यक्रम घेतो, उरलेल्या वेळात आपल्या बातम्या आणि जाहिराती लावतो. प्रसंगी एखादा कार्यक्रम नाकारतोही. आपल्याकडे नातं मुख्यालय आणि शाखा असं होतं. १९७६ मध्ये दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं तरी ते बदललं नाही. शाखेला नकाराचा हक्क नसतो. दिल्लीचा हात मुंबईपर्यंत पोहोचत नव्हता, एवढंच तिचं संरक्षण होतं.

ते संरक्षण उपग्रहाने संपवलं. खरं तर उपग्रह म्हणजे केंद्रीकरण, असं मुळीच नव्हतं. १९७५-७६ च्या 'साइट' प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहावरून थेट कार्यक्रम पोहोचले, आणि तेही त्या त्या भागातल्या लोकांच्या भाषांत. म्हणजे यंत्र दोन्ही कामांना तयार होतं. निवड माणसांनी केली.

१५ ऑगस्ट १९८२ रोजी रंगीत प्रक्षेपण आणि दिल्लीहून सगळ्या केंद्रांवर दाखवला जाणारा 'राष्ट्रीय कार्यक्रम' दोन्ही आले. नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई खेळ व्हायचे होते, त्याची घाई होती. ज्या इन्सॅट-१ए वर सगळी भिस्त होती तो सप्टेंबरातच निकामी झाला, तरी भाड्याच्या उपग्रहावर काम पुढे रेटलं गेलं. तेव्हापासून रात्रीचा सर्वांत जास्त पाहिला जाणारा वेळ दिल्लीकडे गेला. मुंबईच्या नियंत्रण कक्षात घड्याळाकडे डोळे लावून बसायचं, आपला कार्यक्रम ठरल्या सेकंदाला संपवायचा आणि उपग्रहावरून आलेलं चित्र पुढे सोडायचं, असा दंडक झाला. जोडणीत गडबड झाली की पडद्यावर 'व्यत्यय' ही पाटी यायची. आपल्या पिढीला ती अजून आठवते.

१९८४ मध्ये ट्रान्समीटरांचा धडाका लागला. काही महिने तर सरासरी दिवसाला एक सुरू होत होता. त्यांतले बहुतेक शंभर वॅटचे, साधारण पंचवीस किलोमीटरच्या परिघापुरते. त्यांना स्टुडिओ नव्हता. डिश अँटेनावर आलेलं चित्र जसंच्या तसं पुढे सोडायचं, एवढंच त्यांचं काम. त्यामुळे मुंबईपासून दूरच्या जिल्ह्यांत टीव्ही आला खरा, पण आधी दिल्लीचा आला. मराठी मुलखातल्या माणसाला मराठी कार्यक्रमांसाठी आणखी थांबावं लागलं, आणि याची खंत वाटायलाच हवी. अर्थशास्त्र दिल्लीच्या बाजूने होतं: साबण किंवा टूथपेस्ट विकणाऱ्याला एकाच जाहिरातीत सारा देश मिळत होता. दूरदर्शनच्या कार्यक्रमांचा विचार करायला सरकारने नेमलेल्या पी. सी. जोशी समितीने याच सुमारास दूरदर्शनच्या दिल्लीकेंद्री वृत्तीवर नेमकं बोट ठेवलं होतं. शिफारशी कागदावर राहिल्या.

१ मे १९८५ रोजी मुंबईला दुसरी वाहिनी मिळाली तेव्हा शहराला पुन्हा आपलं काही मिळेल अशी आशा होती. १९९३ मध्ये तीही दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईच्या वाहिन्यांशी उपग्रहाने जोडून 'मेट्रो' झाली. दर वेळी हेच घडत आलं आहे: स्थानिक म्हणून जे सुरू होतं त्याला प्रेक्षक लाभले की ते जाळ्यात ओढलं जातं.

मराठीला संपूर्ण वाहिनी मिळाली ती १९९४ मध्ये, डीडी-१० या नावाने. २००० पासून तिला आपण 'सह्याद्री' म्हणतो. तोवर झी, मग अल्फा मराठी अशा खासगी वाहिन्या आल्या होत्या, ईटीव्ही मराठीही त्याच सुमारास आली. जमिनीवरून प्रक्षेपणाचा परवाना खासगी कंपन्यांना कधीच मिळाला नाही. त्यांनी उपग्रह आणि केबलवाला हाच रस्ता धरला. म्हणून आपल्याकडे नाशिकचं किंवा सोलापूरचं आपलं टीव्ही केंद्र ही गोष्ट रुजलीच नाही. गावोगावच्या केबलचालकांनी चालवलेली बातमीपत्रं हाच त्यातला अपवाद.

२०२२ पर्यंत दूरदर्शनचे बहुतेक जुने ॲनालॉग ट्रान्समीटर बंद झाले. सह्याद्री आता फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेवर आहे, म्हणजे राज्याबाहेरच्या मराठी घरांतही दिसते. मात्र वाटणीचा प्रश्न मिटलेला नाही, तो एक पायरी खाली उतरला आहे. नागपूर आणि पुण्याची केंद्रं सह्याद्रीला कार्यक्रम पुरवतात आणि ठरवून दिलेल्या वेळांत दिसतात. विदर्भाच्या वाट्याला त्या वाहिनीवर किती वेळ यावा आणि तो कोणी ठरवावा, हा प्रश्न आता मुंबईला विचारायचा आहे.